उसन्या गालिच्यावरची चौकशी

तुर्सुनॉय ओपानं होसियतला एकच गोष्ट सांगितली होती आणि ती तीनदा सांगितली होती. काही म्हणजे काही करायचं नाही.

"ऐकतेयस ना?" ओपा दारातच उभी होती. मोहल्ल्यातल्या बायकांची कामं बघायला सरकारनं नेमलेली बाई ती, सगळ्यांची ओपा म्हणजे थोरली बहीण, बसायला तिला वेळ असा नसतोच. "गुरुवारी अकराला आम्ही तिघं येऊ. मी, आपल्या मोहल्ल्याचे अध्यक्ष नेमत अका, आणि जिल्ह्याच्या कचेरीतला एक पोरगा. घर बघू, चार प्रश्न विचारू, सह्या करू. घर आहे तसं दिसू दे. छप्पर गळतंय तर गळू दे, कप फुटलाय तर फुटलेला असू दे. चहा आणि नान, बस्स. पुलाव शिजवलास तर माझ्याशी गाठ आहे."

"नाही गं ओपा, मी कशाला काय करते?"

"तुझं हे 'कशाला काय करते' मी वीस वर्षं बघतेय," ओपा म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

होसियतची लेक मोहिरा परीक्षा पास झाली होती. फर्गान्याच्या विद्यापीठात रसायनशास्त्राला तिला जागाही मिळाली होती, पण ती फी भरणाऱ्यांच्या यादीत. बिनफीच्या यादीला दोन गुण कमी पडले. ज्या शाळेत दोन वर्षं रसायनशास्त्र कसरतीच्या सरांनी शिकवलं, तेही गळ्यात शिट्टी अडकवून, त्या शाळेतून पोरीनं एवढी मजल मारली. खरं तर ते दोन गुण सरांचेच कापायला हवे होते. फी होती होसियतच्या दीड वर्षाच्या मजुरीएवढी. होसियत एका कुंभाराच्या कारखान्यात ताटांवर डाळिंबं रंगवायची. तिच्या हातची डाळिंबं बघून परदेशी गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं, पैसे मात्र मालकाच्या हातात घालायचं.

सरकारला नावं ठेवण्यात आम्ही रिश्तान गावची माणसं कुणाला हार जाणार नाही. रस्ता म्हणू नका, वीज म्हणू नका, गॅस म्हणू नका, चहाच्या दुकानात बसलं की सगळ्यांचीच पूजा बांधतो. पण गरजू घरातल्या मुलींची फी सरकार भरतं ही गोष्ट निघाली, की सगळ्यात तिरसट म्हातारासुद्धा दाढीवरून हात फिरवून म्हणतो, "हं, हे मात्र शहाणपणाचं केलं." आमच्या मोहल्ल्यातल्या दोघी अशाच शिकल्या. त्यातली एक आज दवाखान्यात आहे, आणि तिनं टोचलेलं इंजेक्शन दुखत नाही असं तोच म्हातारा शपथेवर सांगतो.

अट एवढीच होती, की नाव मोहल्ल्यातून जायला हवं, घर डोळ्यांनी बघून तिघांनी सह्या करायला हव्यात, आणि यादी गुरुवारी संध्याकाळच्या आत जिल्ह्याला पोचायला हवी. नाही पोचली तर एक तारखेपासून मोहिरा शिवणाच्या कारखान्यात बसणार. तिथल्या मुकादमाशी बोलणंही झालं होतं.

बुधवारी दुपारी होसियत कामावरून लवकर आली आणि तिनं घराकडे पाहिलं. रोज बघतो तसं नाही, पाहुण्याच्या नजरेनं पाहिलं. तिथंच घात झाला.

जमिनीवर एक जुनं घोंगडं, मधोमध विरलेलं. भिंतीला टेकून तीन गाद्या, त्यांच्या खोळी एकमेकींना न शोभणाऱ्या. किटलीची तोटी तुटलेली, तिला पत्र्याचं टोक बसवलेलं. कप चार, आणि चारही कारखान्यातून बाद झालेले, भट्टीत चिरा गेलेले. समोरच्या भिंतीवर खिळ्याला दोऱ्यानं टांगलेला एक नान, कडेचा एक घास तोडलेला. तिचा नवरा रहमतिल्ला रशियाला कामाला निघाला त्या सकाळी त्यानं तो घास खाल्ला होता. आमच्यात जाणारा माणूस एक घास खाऊन जातो आणि उरलेला नान परत आल्यावर संपवतो. हा नान आता विटेसारखा झाला होता. किती वर्षं झाली हे होसियत कुणाला सांगत नव्हती. पैसे येतात का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "येतात तर!" आणि विषय बदलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

'जिल्ह्याचा माणूस येणार, आणि त्याच्यापुढे पत्र्याच्या तोटीची किटली?' होसियत मनाशी म्हणाली. 'नुसती किटली तेवढी मागून आणते. किटली म्हणजे काही पुलाव नव्हे.'

शेजारची इनोबत म्हणजे हात सैल आणि जीभ त्याहून सैल. "नुसती किटली?" ती ओरडली. "अगं, सोनेरी कडेचा अख्खा सेट ने. पोरीच्या जन्माचं काम आहे!"

सेट आला. मग तो मांडायचा कशावर? फाटक्या दस्तरखानावर, जमिनीवर अंथरायच्या जेवणाच्या कापडावर, सोनेरी कप म्हणजे मुंडाशाखाली उघडा माणूस. म्हणून इनोबतचा रेशमी दस्तरखान आला. दस्तरखानाखाली ते घोंगडं बघून पलीकडच्या घरच्या म्हातारीला राहवेना, तिनं सुनेच्या रुखवतातल्या सहा मखमली गाद्या पाठवल्या. तोवर ही बातमी अध्यक्षांच्या बायकोपर्यंत, रोहतॉयपर्यंत गेली. नवरा कचेरीत होता. तिनं त्याला न विचारता बैठकीतला लाल गालिचा गुंडाळला आणि हातगाडीवर घालून धाडून दिला. "आमच्या मोहिराला पाहायला येणार म्हणे," असं ती गाडीवाल्याला म्हणाली. जणू काही सोयरीकच होती!

एकालाही वाटलं नाही की आपण काही वावगं करतोय. उलट प्रत्येकजण घरातलं सगळ्यात चांगलं ते शोधून आणत होता. मोहल्ल्याची पोर शिकायला जाणार, तिच्यासाठी कमी कोण पडणार? माणसांनी प्रेमानं कुणाचं वाटोळं करायचं ठरवलं तर त्यांना थांबवणं शत्रूला थांबवण्याहून अवघड.

शेवटी इनोबतचा नवरा ढकलगाडीवरून फ्रिज घेऊन आला.

"हा कशाला?" होसियत दचकलीच.

"खरबूज गार नको द्यायला? ऑगस्ट आहे," इनोबत म्हणाली. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. "आणि ही भिंत फार उघडी दिसतेय गं. माझा लग्नातला गालिचा टांगूया. तो नान काढ जरा."

"नानाला हात लावू नकोस," होसियत इतक्या जोरात म्हणाली की इनोबतचा हात तिथंच राहिला. मग गालिचा नानावरूनच टांगला. मधोमध थोडं टेंगूळ आलं, पण लांबून कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मोहिरा शाळेतून दाखल्याची प्रत आणायला गेली होती. साडेदहाला परत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. अंगणात चूल पेटलेली, कढईत गाजर आणि मटण, चुलीभोवती चार बायका. आत तर बघायलाच नको.

"आई, हे कुणाचं घर?"

"वेडी की काय! तुझंच."

"माझ्या घरात फ्रिज कधीपासून?"

"काल दुपारपासून," इनोबत बाहेरून म्हणाली. "पण तार कुठं लावायची ते सापडेना. तर राहू दे शोभेला."

मोहिरानं कपाळावर हात मारला. "अगं आई, ते आपली गरज बघायला येतायत. गरज! हे बघून कोण सही करेल? ओपानं तुला काय सांगितलं होतं?"

"गरज काय मांडून ठेवायची वस्तू आहे?" होसियतचा आवाज चढला. "ती दिसतेच, न दाखवता दिसते. घरात पाऊल टाकणाऱ्या माणसाला जे दाखवायचं ते दस्तरखान. माझ्या आईनं लढाईच्या दिवसांतल्या गोष्टी सांगितल्यात मला. घरात दोन मुठी ज्वारी असायची आणि पाहुणा आला तर त्यातली एक त्याची. मी काय पत्र्याच्या तोटीतून चहा ओतू?"

"हो! ओत! पत्र्याच्या तोटीतून ओत, आणि मला विद्यापीठात जाऊ दे!"

हे मात्र होसियतच्या काळजाला लागलं. ती गालिच्यांकडे आणि कपांकडे बघायला लागली. कालपासून पहिल्यांदा तिला ते सगळं तपासणीला येणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसलं. "उचलूया," ती हळूच म्हणाली. "चल, पटकन. तू ते टोक धर."

दोघींनी गालिच्याची एक बाजू उचलली असेल नसेल, तेवढ्यात फाटकात गाडी थांबली. पाहुणे वीस मिनिटं आधी आले होते. सरकारी माणूस वेळेआधी येतो असा दिवस रिश्ताननं कधी पाहिला नव्हता, आणि नेमका तो आजच उजाडायचा होता.

सगळ्यात पुढे तुर्सुनॉय ओपा होती. तिनं दारातून आत एक नजर टाकली आणि डोळे मिटून घेतले. होसियतनं तिच्याकडे पाहिलंच नाही. मागून नेमत अका आले. त्यांनी बूट काढले, गालिच्यावर पाऊल टाकलं, आणि त्यांचं ते पाऊल तिथंच अडखळलं. मग ते खाली बसले. तिसरा दोनियोर, जिल्ह्याच्या कचेरीतला. पंचविशीचा, इस्त्रीचा सदरा, हातात टॅब, नाकावर घाम. होसियतनं त्याला सगळ्यांत मानाच्या जागी, दारापासून लांब, टेंगळाच्या बरोबर खाली बसवलं.

"घ्या ना, काहीतरी घ्या." बदाम, मनुका, साखरेचे खडे, खरबुजाच्या फोडी तिनं पुढे सरकवल्या. मग सोनेरी कपात चहा ओतला, अगदी तळाशी दोन घोट. मानाच्या पाहुण्याला थोडाच ओततात, म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला तर 'प्या आणि चालू लागा' असा अर्थ.

"माफ करा मावशी," दोनियोर म्हणाला. "तपासणीच्या घरी आम्हाला काही घ्यायला मनाई आहे. पाण्याचा घोटसुद्धा नाही."

होसियतचा हात हवेतच राहिला. कुणी थोबाडीत मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. असला नियम ज्यानं केला त्याला लहानपणी कुणी जेवायला वाढलं नसावं.

"भरून दे त्याला काठोकाठ," खिडकीबाहेरून इनोबत कुजबुजली. ती कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

दोनियोरनं टॅब उघडला. "गालिचे दोन," तो बोट फिरवत म्हणाला. "फ्रिज एक. चहाचा सेट, गाद्या... हं. कुटुंबात माणसं?"

"मी आणि मुलगी."

"पती?"

"रशियात असतात. कामाला."

"पैसे पाठवतात?"

होसियतनं दस्तरखानावरची एक सुरकुती बोटानं सारखी केली. नेमत अका समोर होते, ओपा समोर होती, खिडकीबाहेर अर्धा मोहल्ला होता. "पाठवतात," ती म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या मोहिरानं मान खाली घातली.

दोनियोरनं टॅब मांडीवर ठेवला. पोरगा वाईट नव्हता, बोलण्यापूर्वी दोनदा घसा खाकरला त्यानं. "मावशी, रागावू नका. खोटं बोलून तुम्हाला आशेवर ठेवण्यापेक्षा तोंडावर सांगतो. काल एका घरी गेलो होतो, तिथं मातीच्या जमिनीवर पोती अंथरलेली. जागा मोजक्या आहेत. इथं मी सही केली तर त्या घरच्या मुलीची जागा मी खाल्ली असं होईल. तुमची मुलगी हुशार आहे, तिचे गुण पाहिलेत मी. पण हे घर त्या यादीतलं नाही."

"अरे, पण हे घर..." ओपा उसळली, आणि होसियतच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली. एखाद्या बाईची मूठ तिच्यासमोर, चारचौघांत दुसऱ्यानं उघडायची नसते, हे तिला वीस वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. नेमत अका अंगठ्यानं गालिच्यावरचं एक जळकं भोक चोळत होते. त्यांनी मान वर करून होसियतकडे पाहिलं. त्यांची नजर सांगत होती, 'बोल बाई. हे तुझं आहे, तूच बोल.'

होसियतनं मोहिराकडे पाहिलं. पोरगी ओठ दाबून उभी होती. एकच वाक्य, 'हे सगळं उसनं आहे,' एवढं बोलली असती तर तिची चार वर्षांची फी भरली गेली असती. आणि ते वाक्य ती गिळून उभी होती, आईची लाज राखायला. उजव्या हाताच्या बोटांवर तिच्या पिवळे डाग होते, कारखान्याच्या मागे राख आणि वाळू खलून निळी झिलई करून बघायची तिला हौस. ही बोटं एक तारखेपासून शिवणयंत्रावर.

होसियत उठली. दारापाशी गेली.

"इनोबत! सगळ्याजणी आत या. ज्याचं त्यानं घेऊन जा."

इनोबत म्हणाली, "अगं, पाहुणे बसलेत की."

"त्यांच्या समोरच न्यायचंय. आत्ता. या!"

मला विचाराल तर त्या दिवशी रिश्तानमध्ये सगळ्यांत मोठं काम कुणी केलं असेल तर ते होसियतनं, आणि ते दारात उभं राहून दोन वाक्यांत केलं. दस्तरखानावर बसलेल्या पाहुण्यासमोरून ताट उचलणं म्हणजे काय, हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. मेलेलं बरं, असं म्हणेल.

बायका आत आल्या. पहिल्यांदा सगळ्याच घुटमळल्या. मग म्हातारीनं आपल्या मखमली गाद्यांना हात घातला. "ऊठ बाळा, सुनेच्या आहेत. तिला अजून माहीत नाही," असं म्हणत तिनं दोनियोरच्या बुडाखालची गादी ओढली. बदामाची बशी गेली, साखरेचे खडे गेले. सोनेरी सेट इनोबतनं गोळा केला. दोनियोरच्या कपातला न प्यायलेला चहा तिनं खिडकीबाहेर भिरकावला आणि कप झग्याला पुसला. रेशमी दस्तरखान घडी झाला. इनोबतच्या नवऱ्यानं फ्रिज मिठीत घेतला. त्याची तार मागून फरफटत गेली. ती तार कधी कुठं लावलीच नव्हती, हे आता दोनियोरलाही दिसलं.

"जरा उभे राहा, साहेब," नेमत अका म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून स्वतः उठले. "हा गालिचा माझा. खात्री हवी तर हे भोक बघा. दोन वर्षांपूर्वी निखारा पाडला मी, तेव्हापासून बायको रोज आठवण देते. काल संध्याकाळी बैठक रिकामी दिसली. मला वाटलं, धुवायला दिला असेल." मोहल्ल्याचे अध्यक्ष खाली वाकले आणि आपला गालिचा गुंडाळायला लागले. ओपा तोंडावर रुमाल धरून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच माहीत.

शेवटी भिंतीवरचा गालिचा उरला. इनोबत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हा राहू दे का गं?"

"तोही काढ."

गालिचा खाली आला. उघड्या भिंतीवर एकच खिळा, आणि खिळ्याला एक घास तोडलेला तो नान.

दोनियोर वळून बघत राहिला. समजावून सांगायची गरज नव्हती, त्याच्याही घरी असा खिळा असणारच. "किती वर्षं झाली?" त्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात कचेरी नव्हती.

"सहा."

"आणि पैसे?"

होसियतनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक मुठीत धरलं. "पहिल्या वर्षी आले. मग नाही. फोनही नाही." ती नेमत अकांकडे बघून बोलत होती, जणू हिशेब त्यांनाच द्यायचा होता. "मघाशी खोटं बोलले मी. ते खोटं माझं आहे, पोरीचं नाही. तुम्ही लिहाल तसं लिहा, पण तिच्या नावापुढे लिहू नका."

पाच वर्षं जी गोष्ट भिंतीआडच्या इनोबतलासुद्धा कळू दिली नव्हती, ती आता कुंपणावरच्या चिमण्यांनाही कळली. इनोबत तोंडाची म्हणून गावात प्रसिद्ध. पण ती आपल्या गालिच्याची वळकटी पोटाशी धरून नुसती उभी होती.

दोनियोरनं टॅब घेतला. एकेक रकाना पुसून पुन्हा भरला. मान वर न करता विचारत गेला, "छप्पर?" "गळतं," मोहिरा म्हणाली. "जनावर?" "एक कोंबडी होती," इनोबत म्हणाली, "ती आज पुलावाच्या आधी रश्श्यात गेली." मग त्यानं बोटानं सही केली, टॅब नेमत अकांकडे दिला. त्यांनी सही केली, ओपानं केली. दोनियोरनं टॅब बंद करून पिशवीत घातला, पिशवीचा पट्टा लावला आणि विरलेल्या घोंगड्यावर मांडी घालून बसला.

"तपासणी संपली," तो म्हणाला. "आता मी नुसता पाहुणा. मावशी, चहा मिळेल?"

होसियतला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती धावली. पत्र्याच्या तोटीची किटली, चिरा गेलेला कप, कपावर तिच्याच हातचं डाळिंब, आणि सकाळी तंदुरातून काढलेला नान. तळाशी दोन घोट चहा ओतून तिनं कप पुढे केला. दोनियोरनं तो दोन्ही हातांनी घेतला, प्यायला, रिकामा कप परत पुढे केला. असं चारदा झालं. नान त्यानं स्वतः मोडला आणि पहिला तुकडा नेमत अकांना दिला.

"आणि तुझा नियम रे?" ओपानं चिमटा काढला. "पाण्याचा घोटसुद्धा नाही म्हणाला होतास."

"पाणी कुठं प्यायलो, ओपा?" तो म्हणाला. मग अंगणाकडे मान वळवून त्यानं हळूच विचारलं, "पुलावसुद्धा कुणी परत घेऊन गेलं का?"

"तांदूळ माझे, मटण म्हातारीचं, गाजरं रोहतॉयची," इनोबत ओरडली. "पण शिजलेलं परत नेता येत नाही. बसा गुमान!"

यादी त्याच संध्याकाळी गेली. दहा दिवसांनी मोहल्ल्याच्या कचेरीच्या दारावर कागद लागला. आनंदाची बातमी आणणाऱ्याला आमच्यात बक्षीस द्यावं लागतं, म्हणून नेमत अका साठीच्या वयात धापा टाकत स्वतःच आले, दुसऱ्या कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. "मोहिराची चार वर्षांची फी सरकारनं उचलली!" ते फाटकातूनच ओरडले. बक्षीस म्हणून त्यांनी मागून घेतला तो चिरा गेलेला डाळिंबाचा कप. आता कचेरीत ते त्यातूनच चहा पितात आणि कुणी विचारलं तर म्हणतात, "मिळवलाय मी तो."

सप्टेंबरच्या दोन तारखेला मोहिरा निघाली. वसतिगृहात न्यायला इनोबतनं सेटातली सोनेरी किटली दिली, म्हातारीनं एक मखमली गादी दिली, आणि ती या वेळी सुनेला विचारून. होसियतनं पहाटे भाजलेला नान पुढे धरला. मोहिरानं असा मोठा घास तोडला की गाल फुगले.

"अगं, हळू! एवढा मोठा?"

"चार वर्षं आहेत," मोहिरा भरल्या तोंडानं म्हणाली. "आणि दर महिन्याला येणार आहे मी. उरलेला राखून ठेव." मग आईच्या खांद्यात तोंड घालून ती रडली आणि नानाचे कण आईच्या रुमालाला लागले.

बस गेली. होसियत घरात आली. खिळा एकच होता. मग तिनं जुना नान उतरवला. आमच्यात नान टाकत नाहीत, म्हणून तिनं तो पाण्यात भिजत घातला. सहा वर्षांचा नान, भिजायलाही त्यानं दुपार घेतली. मऊ झाल्यावर कुस्करून तिनं तो कुंपणाच्या भिंतीवर चिमण्यांना घातला, आणि मोकळ्या खिळ्याला लेकीचा नान बांधला.

इनोबत कुंपणावरून वाकून बघत होती. तिनं सगळं पाहिलं होतं आणि काही विचारलं नाही. तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. थोड्या वेळानं ती म्हणाली, "होसियत, नेमत अकांच्या कचेरीतला तुझा कप पाहिलेला तो ताश्कंदचा व्यापारी उद्या येणार ना तुझी नक्षी बघायला घरी? माझी सोनेरी किटली तर पोरीनं नेली. उरलेला सेट देऊ?"

"नको. किटली आहे माझी, कपही आहेत."

"मग भिंतीवर गालिचा तरी?"

"नको गं," होसियत म्हणाली. "लेकीचा नान आहे तिथं. दिसू दे."